जनरेटरसाठी थ्री-फेज प्लग-सॉकेट: चार पिनचा स्वस्त लॉट घेऊ नका

३० केव्हीएचा जनरेटर, भाड्याने मांडवाच्या कामांना लावायचा, ६३ अँपिअरची नवी पाच पिनची (तीन फेज, न्यूट्रल, अर्थ) प्लग-सॉकेट जोडी परवडत नाही आणि एक व्यापारी लाल चार पिनचे कनेक्टर किलोच्या भावात देतोय, वर "न्यूट्रल अर्थच्या पिनवर घ्या, काही होत नाही" असंही सांगतोय. तुमची पोस्ट वाचली आणि लिहायलाच बसलो, कारण मला अगदी हेच शब्द ऐकवले होते. अजून पैसे दिले नसतील तर देऊ नका.

आधीच सांगतो, मी लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन नाही. मांडव, लाइट, साउंडची कामं घेतो. शेवटचा शब्द तुमच्या वायरमनचा, फक्त तो व्यापाऱ्याचा माणूस नसावा.

आम्ही ३२ अँपिअरचे पाच पिनचे मागवले होते. गणपतीच्या तोंडावर माल आला तो चार पिनचा. हे लाल कनेक्टर लांबून सगळे सारखेच दिसतात. बंदरावर थंड कंटेनरना वीज द्यायला ३२ अँपिअरचे चार पिनचे वापरतात, त्यातलाच तो लॉट होता. अंगावर '३ एच' असं उठवलेलं होतं. म्हणजे सॉकेट समोर धरून त्याची खाच (प्लगचा उंचवटा बसतो ती) खाली ठेवली की अर्थचं भोक घड्याळातल्या तीनच्या जागी येतं. आपल्याकडच्या ४१५ व्होल्टच्या कामाला '६ एच' लागतो, अर्थ बरोबर खाचेच्या रेषेत. हे दोन एकमेकांत जातच नाहीत. शिवाय चार पिनच्यात न्यूट्रलला जागाच नाही, कारण त्या कंटेनरच्या यंत्रणेला न्यूट्रल लागत नाही. आपल्या मांडवात मात्र जवळजवळ सगळा लोड सिंगल फेजचा.

व्यापारी माल बदलून देईना. त्याने स्वतःचा फिटर पाठवला आणि त्या माणसाने न्यूट्रल अर्थच्या पिनवर घेऊन, बोर्डात न्यूट्रलच्या पट्टीवरून बोर्डाच्या पत्र्याला लूप मारून दिला. संध्याकाळी आरतीच्या आधी एका बाजूचे पार लाइट (स्टेजचे झोताचे दिवे) मंद झाले, दुसऱ्या बाजूचे डोळे दिपतील इतके पेटले. त्या पिनचा स्क्रू सैल पडला होता. न्यूट्रल तुटला की सिंगल फेजची उपकरणं दोन फेजच्या मधे एकमेकांशी सिरीजमध्ये येतात आणि ज्या फेजवर लोड कमी, तिथे व्होल्टेज २३० च्या खूप वर चढतं. अँप्लिफायर गेले, एलईडीचे पॉवर सप्लाय गेले. आणि ट्रसवर (लाइट टांगायच्या धातूच्या सांगाड्यावर) चढलेला पोरगा हात झटकत खाली उतरला, कारण त्या लूपमुळे बोर्डाचा पत्रा आणि त्याला जोडलेला ट्रस दोन्ही जिवंत झाले होते, म्हणजे त्यांच्यात वीज उतरली होती. उपकरणं पुन्हा घेता येतात. त्या पोराचं काही झालं असतं तर? त्या फिटरबद्दल माझा राग अजून गेलेला नाही.

भरपाई मागायला गेलो तर व्यापारी म्हणाला वायरिंगची जबाबदारी तुमची. कनेक्टरवर जिचा शिक्का होता त्या कंपनीच्या ऑफिसात गेलो, तिथे म्हणाले हा माल आमच्या डीलरकडून गेलेलाच नाही. बिलावर फक्त 'रेड कनेक्टर ३२ ए' एवढंच लिहिलेलं. म्हणून बिलावर पिनची संख्या, अँपिअर, 'एच'चा आकडा आणि आयपी रेटिंग (धूळ-पाणी किती अडवतं त्याचा आकडा) लिहूनच घ्या. दुकानदाराने कुरकुर केली तर दुसरं दुकान गाठा.

आता स्वस्तात कसं बसवायचं. ३० केव्हीए म्हणजे ४१५ व्होल्टला साधारण ४२ अँपिअर, म्हणून एकाच जोडीत सगळं न्यायचं तर ६३ चीच लागते. पण माझं मत असं की एक ६३ ची लावण्यापेक्षा ३२ अँपिअरच्या दोन लावा, पाच पिनच्या, प्रत्येकीला स्वतंत्र ३२ अँपिअरचा फोर-पोल एमसीबी (तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकदम तोडणारा ब्रेकर). ३२ चा माल सगळीकडे मिळतो आणि भावात मोठा फरक पडतो. केबलही हलकी, ६ स्क्वेअर एमएमची पाच कोअर तांब्याची फ्लेक्सिबल. स्टेज एकीकडे, लाइट दुसरीकडे. लोड मात्र तिन्ही फेजवर वाटून घ्या. एकच मोठी मोटर किंवा चिलर चालवायचा असेल तर हे जमणार नाही, तिथे ६३ चीच जोडी आणि १६ स्क्वेअर एमएम. ६३ च्या सॉकेटमधली मधली बारीक पिन पायलटची, म्हणजे नुसत्या सिग्नलची असते, ती रिकामी ठेवली तरी चालते.

सगळ्यात मोठी बचत ही, की आयईसी ६०३०९ (या प्लग-सॉकेटचं आंतरराष्ट्रीय मानक) चा माल असेल तर एका कंपनीचा प्लग दुसरीच्या सॉकेटात बसतो. मेनेकेसचं सॉकेट, लेग्रांडचा प्लग, काही अडत नाही. मुंबईत लोहार चाळीत सुटे मिळतात. पुण्याकडे असाल तर भोसरी-चाकणला जुनी मशिनं मोडणाऱ्यांकडे विचारा, बाहेरून आलेल्या मशिनला असे लाल प्लग असतात. जुना घेताना प्लग घ्या, सॉकेट नवंच घ्या. पिन काळवंडलेली किंवा खड्डे पडलेली दिसते, पण सॉकेटातली पकड सैल झालेली बाहेरून दिसत नाही आणि प्लग तापतो तो तिथेच. ॲल्युमिनियमची केबल या टर्मिनलमध्ये थेट घालू नका, काही दिवसांत सैल होते.

जनरेटरवर कायम सॉकेट, केबलच्या टोकाला प्लग. उलटं केलंत तर उघड्या पिना जिवंत राहतात. चालू लोडवर ओढायचं नाही, आधी एमसीबी पाडायचा. न्यूट्रलची तार फेजएवढीच जाड ठेवा, एलईडीच्या कामात तीही चांगलीच तापते. आणि पावसाळी कामाला आयपी ६७ चे, फिरवून घट्ट करायच्या रिंगवाले घ्या. आयपी ४४ नुसत्या शिंतोड्यांना पुरतात, मैदानात पाणी साचलं की नाही.

त्या व्यापाऱ्याच्या कनेक्टरवर जे छापलंय त्याचा जवळून फोटो इथे टाका, पाहून सांगतो.