मशीन परत आण, मग पितळेचं बोलू

पत्र चोपड्याहून आलंय, खूप मोठं आहे म्हणून थोडक्यात सांगते. धाब्याचं जुनं घर विकलं, जळगावला टू-बीएचके घेतला, आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की शिफ्टिंग. सासूबाई पितळेचे हंडे, घंगाळ, पुरणपोळीची दोन खापरं, बिबड्यांचं (ज्वारीच्या पापडांचं) मोठं पातेलं, दादर ज्वारीची कोठी यातलं काहीच सोडायला तयार नाहीत. नवऱ्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान, त्यांनी घरात जळक्या मोटारी साठवल्यात. ताई विचारतात, "यांना समजवू कसं? मी तर माझं सगळं काढलं, शिलाई मशीन पहिल्याच दिवशी मोठ्या जाऊबाईंच्या खळ्यात नेऊन ठेवली, मग यांनाच एवढं काय जड जातं?"

अगं माय, तुला अरे-तुरेत बोलते, राग मानू नको. पितळेवर तू अख्खं पान लिहिलंस, कोणता हंडा कुणाच्या लग्नातला, कशाला कुठे पोचा पडलाय, सगळं. मशीनला एक ओळ. आणि दुसऱ्या पानावर भलत्याच विषयात जाता जाता लिहून गेलीस की २०२० च्या लॉकडाऊनमध्ये यांचं दुकान बंद होतं तेव्हा मास्क नि ब्लाउज शिवून किराणा भागवला. कोणत्या मशीनवर शिवले गं? तीच ना, जी आता खळ्यात सरकीच्या ढेपेच्या पोत्यांजवळ उभी आहे? ढेपेला उंदीर येतात आणि मशीनची वादी चामड्याची असते, पुढचं सांगायला नको.

मी पत्र परत वरपासून वाचलं, मशीन काढ असं तुला कोणी म्हटलंय का ते शोधत. कोणीच नाही. सासूबाई नाही, नवरा नाही. तूच काढलीस, सगळ्यात आधी, कोणाला न विचारता, आणि मग दारात उभी राहिलीस की मी माझं दिलं, आता तुमचं काढा. याला मी तरी त्याग म्हणणार नाही, ही सरळ वसुली झाली. त्यांनी उधार मागितलंच नव्हतं तर ते फेडतील कशाला? सासूबाई निदान तोंडावर सांगतात की हे माझं आहे आणि मला पाहिजे. तुला एवढं एक वाक्य आजवर म्हणता आलेलं नाही, म्हणून त्या तसं बोलल्या की लगेच तुझं डोकं फिरतं. मला तर बाई त्या हंड्यांपेक्षा तुझाच जास्त राग आला.

आपल्याकडे खान्देशात श्रावणात कानबाई देवीच्या रोटाला, म्हणजे तिच्या नैवेद्याला, बऱ्याच घरांत पुरुषांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू घेतात. बायकांच्या नावाची मूठ नसते, राबायला मात्र त्याच. ती जुनी रीत, तिथे मी भांडत बसत नाही (खरं तर बसते, पण ते पुन्हा कधीतरी). पण नव्या घरात काय न्यायचं ही यादी तर तू स्वतःच्या हाताने केलीस ना? तिच्यातही तुझ्या नावाची मूठ नाही. हे पण सासूबाईंनीच केलं का?

म्हणून एकच कर. उद्या जाऊबाईंना फोन लाव आणि सांग, "मशीन नेते, मला लागणार आहे." बस. "तुम्हाला लागत नसेल तर" असं काही पुढे जोडू नको, तू जोडशीलच म्हणून आत्ताच सांगते. नवऱ्यालाही परवानगी मागू नको, नुसतं कळव. आणि मग टेम्पोत सगळ्यात आधी ती चढव. तिसरा मजला आहे तर मशीनचं डोकं स्टँडवरून काढून वेगळं न्या, ते लोखंड जड असतं, हमालाने एकदम उचलायच्या नादात जिन्यात आपटलं तर गेलं. हॉलच्या खिडकीशी ठेव, उजेड लागतो, आणि जागा म्हणशील तर टीव्हीच्या शोकेसपेक्षा कमीच खाते. बसल्या बसल्या लगेच शिवायला घेऊ नको, पडून राहिलेल्या मशीनमध्ये तेल घट्ट होतं. आधी नवं तेल सोड, दोरा न ओवता थोडा वेळ पाय मार, काळं तेल बाहेर येईल ते पुसून काढ, मग जुन्या कापडावर दोन-चार टीपा घालून बघ. वादी कुरतडली असेल तर नवी मिळते, मापाने कापून पिनने जोडली की झालं.

बाकीचं काय विचारलंस ते? खापरं मातीची आहेत, जुन्या गोधडीत गुंडाळ नि सासूबाईंच्या मांडीवर दे, टेम्पोत टाकू नको. पितळ मोडीत घालायची घाई करू नको, दुकानदार घट कापून घेतो आणि शिफ्टिंगची गडबड दिसली की भावही पाडतो. जळक्या मोटारींत तांब्याची तार असते, तिचा काय भाव येतो हे तुझ्या नवऱ्याला तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं माहितीये, त्यात पडूच नको.

मशीन आली की हॉलमध्ये जागा कमी पडणारच, तेव्हा सासूबाईंसमोर बस आणि घंगाळाचा विषय काढ. त्या म्हणतील, मशीन कशाला पाहिजे? मग होऊ दे भांडण, या वेळी तुझ्याकडेही सोडायची नाही अशी एक वस्तू असेल. त्यात काय ठरलं ते मला लिही, हंड्यांचं तेव्हा बघू. पण आधी फोन, आणि सकाळीच कर, दुपारी जाऊबाई शेतात असतात असं तूच लिहिलंयस.