अंधारखोली : रेनकोटच्या मागून दिसलेलं हा झांग

प्रश्न : ताई, सप्टेंबरात आम्ही चार मित्र व्हिएतनामच्या उत्तरेला, हा झांगला जाऊन आलो. आपला वाहन चालवायचा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या रस्ते-वाहतूक कराराखालचा आणि व्हिएतनाम मानतं १९६८ चा, म्हणून बाइक स्वतः न चालवता तिथल्या चालकांच्या मागे बसून फिरलो. पाऊस रोजचाच. मित्रांचे मोबाइलवरचे फोटो आम्ही हनोईला परतायच्या आत ग्रुपवर पडलेसुद्धा. मी मामांच्या जुन्या पेंटॅक्स के-१००० या फिल्मच्या कॅमेऱ्यावर कोडॅक गोल्ड २०० चे पाच रोल काढले होते, ते आत्ता धुऊन, स्कॅन होऊन आले. जवळजवळ सगळे करडे, बरेचसे दाणेदार, आणि निम्म्या फोटोंत पुढच्या माणसाचं हेल्मेट नि रेनकोट. बायको म्हणते, हे दाखवणार कुणाला? उजळवून घेऊ का? हेल्मेट कापू का? आणि इतक्या उशिरा ग्रुपवर टाकले तर कुणी बघेल का? सोबत थोडे फोटो पाठवतोय.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : १८० च्या १८० टाकलेत तर कुणी बघणार नाही, बायकोसुद्धा नाही. वीसेक काढा. त्याहून कमी निघाले तरी बिघडत नाही.

मा पी लेंगचा घाट, खालची हिरवी न्यो क्वे नदी, लुंग कूचा झेंडा हे सगळं मित्रांनी दाखवून झालंय, तेही फिल्टर लावून. ते दुसऱ्यांदा दाखवायला पाच रोल खर्ची घालायची गरज नव्हती. तुमच्या रोलमध्ये जे आहे ते मोबाइलवाल्यांकडे नाही, कारण मुसळधार पावसात ते मोबाइल खिशात घालून बसले होते आणि तुम्ही कॅमेरा बाहेर काढत होतात. तेवढंच निवडा.

म्हणून हेल्मेटला हात लावू नका. तुम्ही पाठवलेल्यातला एक फोटो मी बराच वेळ बघत होते. निळ्या प्लॅस्टिकच्या रेनकोटवरून पाण्याचे ओघळ धावताहेत, त्या खांद्यापलीकडे रस्ता उजवीकडे वळून सरळ ढगात घुसलाय, आणि डावीकडच्या आरशात कॅमेरा धरलेला तुमचाच हात, बोटं पाण्यात भिजून सुरकुतलेली. दरी कुठेच दिसत नाही. कडेचे सिमेंटचे ठोकळे दिसतात आणि त्यांच्यापुढे नुसतं पांढरं. पोटात गोळा आणायला तेवढं पुरतं. रेनकोट कापलात तर उरेल कुठल्याही घाटातला कुठलाही रस्ता. आंबोली म्हणून खपेल.

आता करडेपणाचं. माझी अर्धी हयात कोल्हापुरातल्या एका कलर लॅबमध्ये प्रिंटिंग मशिनवर गेली, त्यामुळे हा रोग ओळखीचा आहे. के-१००० चा मीटर, म्हणजे उजेड मोजणारी ती सुई, अख्ख्या फ्रेमची सरासरी काढतो. समोर ढग नि धुकं भरलेलं असलं की त्याला वाटतं, उजेड चिक्कार आहे. तुम्ही इमानदारीत सुई मध्यावर आणता आणि फिल्मला हवा त्यापेक्षा कमी उजेड मिळतो. निगेटिव्ह पातळ येते. मग लॅबचा स्कॅनर ती पातळ निगेटिव्ह ओढूनताणून मधल्या उजेडावर आणतो, आणि त्या ओढाताणीत सावल्यांमधले दाणे वर येतात. पांढरं असायला हवं ते धुकंही त्याच सरासरीत करडं होऊन बसतं. म्हणजे घरी संगणकावर आणखी उजळवलंत, तर दाणेच वाढणार. पुढच्या वेळी धुक्यात एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड द्या, निगेटिव्ह फिल्म तो आरामात पचवते. आणि गोल्ड २०० ऐवजी ४०० ची फिल्म घ्या, तिला कमी उजेड पुरतो. मागच्या सीटवर हादरे बसत असताना शटर जितकं जलद मिळेल तितकं हवंच.

या रोलपुरतं एक करा. निगेटिव्ह लॅबमधून परत आणल्यात ना? (आणल्या नसतील तर वाचणं थांबवा आणि आधी फोन करा. हल्ली लोक स्कॅन मिळाले की निगेटिव्ह विसरतात, आणि थोड्या दिवसांनी लॅब त्या फेकून देते.) त्यातली निवडलेली वीस फ्रेम पुन्हा स्कॅन करून घ्या आणि काउंटरवर स्पष्ट सांगा, ऑटो करेक्शन बंद ठेवून, सगळ्यांना एकच सेटिंग. आमच्या मशिनला सी, एम, वाय, डी अशी बटणं असायची, पहिली तीन रंगांची आणि डी डेन्सिटीचं, म्हणजे प्रिंट किती गडद ते ठरवणारं. धुक्याची फ्रेम आली की मशिन ती काळवंडून टाकायचं आणि मी डेन्सिटीची दोन बटणं कमी करायची, की धुकं परत धुकं व्हायचं. आजच्या स्कॅनरवरही माणसाने लक्ष घातलं तर हे जमतं. घालत नाहीत, कारण मागे रांग असते. तुम्ही दुपारी जा.

स्कॅनमध्ये आणखी एक भानगड असते. फाइलवर तारीख स्कॅनची पडते आणि जागा तर नोंदलेलीच नसते. मोबाइलच्या गॅलरीत तुमचं हा झांग थेट ऑक्टोबर-नोव्हेंबरात जाऊन बसेल, दिवाळीच्या फराळाच्या शेजारी. यावर औषध निगेटिव्हच्या कडेला आहे. तिथे छापलेले १, १ए, २, २ए हे आकडे म्हणजे फोटो काढल्याचा क्रम. मित्रांच्या मोबाइल फोटोंवर वेळ आणि ठिकाण दोन्ही असतं. दोन्ही शेजारी ठेवलेत की क्वान बा कुठे संपलं, येन मिन्हला चहा कुठे घेतला, दोंग वानला पोचायला अंधार झाला की नाही, सगळं जुळतं. एक रविवार जाईल, पण तो मित्रांना घरी बोलावून घालवा. फोटो दाखवायचा हाही एक मार्ग आहे, आणि माझ्या मते ग्रुपवर टाकण्यापेक्षा चांगला.

फोटोंखाली ओळी लिहाल तेव्हा ‘सुंदर व्हिएतनाम’ वगैरे नको. मेओ वाककडे जाणारा हा रस्ता १९५९ ते १९६५ या काळात हातांनी फोडून काढलेला आहे, आसपासच्या अनेक जमातींमधल्या तरुण पोरापोरींनी. मा पी लेंगच्या कड्यावर तर माणसं दोर बांधून लटकत होती, अकरा महिने. आज तिथे त्याला सुखाचा रस्ता म्हणतात. तुमच्या त्या निळ्या रेनकोटच्या फोटोखाली एवढं लिहिलंत, तर पांढऱ्या दरीकडे लोक वेगळ्या नजरेने बघतील. बाकी फोटोंखाली ठिकाण आणि वेळ बास.

पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलेला तो दाबून लहान करतो आणि फिल्मचे दाणे दाबले की चिखल होतो. आणि प्रिंट काढाच, फोर बाय सिक्स. तुमची फ्रेम २४ बाय ३६ मिलिमीटरची, फोर बाय सिक्समध्ये ती न कापता अख्खी बसते. फाइव्ह बाय सेव्हन काढलेत तर बाजू कापल्या जातील आणि आरशातला तो हात जाईल. बायकोला स्क्रीनवर दाखवू नका, या प्रिंट हातात द्या.

एक संच त्या चालकासाठी वेगळा काढा. दिवसभर ज्याच्या पाठीचे फोटो काढलेत, त्याला त्यातला एकही मिळालेला नसणार. मित्रांपैकी कुणाकडे त्याचा झालोचा नंबर असेल, तिकडे तेच व्हॉट्सअ‍ॅपसारखं चालतं. आधी त्यावर पाठवा आणि पत्ता मागा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पाठवलेल्या फोटोंत पाठीवर फुलांची टोपली घेतलेल्या दोन लहान मुली आहेत. थाम मा घाटाच्या वळणांवर अशा मुली उभ्या असतात, प्रवासी फोटो काढतात आणि पैसे देतात. फोटो छान आहे, रंगही त्यातच काय ते आहेत. तरी तो घरच्या अल्बमात ठेवा, जगासमोर टाकू नका. नाशिकला देवळाबाहेर उभ्या असलेल्या आपल्या पोरींचे फोटो कुणी परदेशात फिरवलेले आपल्याला आवडतील का, एवढं स्वतःला विचारून बघा.

प्रश्न : पुढच्या महिन्यात बाइकवरून स्कॉटलंड फिरायचा बेत आहे. विमानतळावरच्या एक्स-रेने फिल्म खराब होते असं ऐकलं. शिशाची पिशवी घेऊ का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : पैसे वाचवा. चेक-इनच्या बॅगेत फिल्म कधीही टाकू नका, तिथला मारा जबर असतो. हातातल्या बॅगेचं जुनं एक्स-रे मशिन ४०० च्या फिल्मला एक-दोनदा फारसं काही करत नाही. पण आता बऱ्याच विमानतळांवर सीटी स्कॅनर आलेत आणि ते एका फेरीतही न धुतलेली फिल्म खराब करू शकतात, कोडॅकनेच तसं बजावलंय. शिशाची पिशवी दिसली की तपासनीस ती उघडून पुन्हा आत ढकलणार, म्हणजे दुप्पट ताप. रोल डब्यांतून काढून पारदर्शक झिपच्या पिशवीत ठेवा, रांगेत हातातच धरा आणि ‘हँड चेक’ मागा. गोडीत मागा, आणि वेळ हाताशी ठेवून जा. दरवेळी ऐकतीलच असं नाही. त्यामुळे जमलं तर परतीच्या विमानाआधी एडिनबरा किंवा ग्लासगोलाच रोल धुऊन घ्या. धुतलेल्या फिल्मला कुठलंच मशिन काही करत नाही.

प्रश्न : ओढा ओलांडताना बाइक आडवी झाली, कॅमेऱ्यात पाणी गेलं. रोल पूर्ण भिजलाय. पंख्याखाली वाळवू की तांदळात ठेवू?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : दोन्ही नको! फिल्मवरचा जिलेटिनचा थर ओला असताना फुगतो आणि वाळताना शेजारच्या वेटोळ्याला चिकटतो. मग सोडवताना चित्रच सोलून निघतं. रोल गुंडाळून घेतला असेल तर तसाच स्वच्छ गार पाण्याच्या डब्यात बुडवा, झाकण लावा, डबा फ्रीजमध्ये ठेवा (फ्रीझरमध्ये नको) आणि आजच्या आज लॅबला फोन करा. गुंडाळला नसेल तर पूर्ण अंधारात गुंडाळा, गोधडीत हात घालून केलंत तरी चालेल. लॅबला पहिल्याच वाक्यात सांगा की रोल ओला आहे. ओली फिल्म मशिनमध्ये घालत नाहीत, हाताने टाकीत धुवावी लागते, आणि ते करणारा माणूस चिपळुणात मिळाला नाही तर पुणे किंवा मुंबई गाठावी लागेल. कुरियरने पाठवलात तर डबा गळणार नाही असा बांधा.