दहा टीबी परत आणायला किती तास?

आमचा पोस्टग्रेस डेटाबेस १० टीबीचा झालाय. रात्री बॅकअपसाठी पीजी-डंप लावतो, तर सकाळी ऑफिस उघडलं तरी तो चालूच! – विजयनगर, इंदूर

एवढ्या पसाऱ्याला पीजी-डंप पुरा पडत नाही. तो ओळ न् ओळ वाचतो, आणि रिस्टोअर करताना, म्हणजे डेटा परत आणताना, प्रत्येक इंडेक्स (पटकन शोधण्यासाठीची सूची) नव्याने बांधावा लागतो. पीजीबॅकरेस्टसारख्या साधनाने फाइलींचीच प्रत घ्या: रविवारी पूर्ण, रोज फक्त बदललेलं, आणि वॉल फाइली (डेटातल्या प्रत्येक बदलाची नोंद) दिवसभर सर्व्हरबाहेर जात राहू द्या. पोस्टग्रेस १७ पासून (२०२४) इन्क्रिमेंटल (फक्त बदललेल्याचा) बॅकअप मूळ पॅकेजातच मिळतो.

पण त्याआधी मालकांना विचारा, धंदा किती तास बंद राहिला तर चालेल? १ गिगाबिटच्या नेटवर्कवर सेकंदाला जेमतेम ११० एमबी सरकतात. म्हणजे १० टीबी यायला पंचवीस तास. मालक ‘चार तास’ म्हणाले, तर आधी नेटवर्क बदला.

स्टँडबाय सर्व्हर (मुख्य सर्व्हरची सतत जुळत राहणारी प्रत) आहे. तरी बॅकअप लागतो? – रामबाग, इंदूर

लागतोच. कुणी ‘व्हेअर’ (कोणत्या ओळी पुसायच्या ती अट) न लिहिता डिलीट चालवलं, तर पुढच्या क्षणी स्टँडबायवरूनही त्या ओळी गेलेल्या असतात. बॅकअप आणि वॉल असेल तर चूक होण्याच्या आधीच्या क्षणावर, समजा ११ वाजून ४१ मिनिटांवर, परत जाता येतं. एक प्रत इमारतीबाहेर ठेवा आणि तिचा पासवर्ड वेगळा ठेवा.

बॅकअपचा जॉब रोज हिरवा (यशस्वी) दिसतो. मग निर्धास्त राहायचं ना? – सुदामानगर, इंदूर

नाही हो! जानेवारी २०१७ मध्ये गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या सेवेच्या मुख्य सर्व्हरवरचा डेटा चुकून पुसला गेला. पीजी-डंपची आवृत्ती जुळत नसल्याने बॅकअप होतच नव्हते, आणि तसं कळवणारे ईमेलही पोचत नव्हते. सहा तासांपूर्वी सहज घेतलेल्या एका स्नॅपशॉटने (त्या क्षणीच्या डिस्कच्या प्रतीने) त्यांना तारलं.

मी स्वतः दर तिमाहीला रिकाम्या मशीनवर पूर्ण रिस्टोअर करून बघतो. एकदा रंगपंचमीची सुट्टी गाठली. सगळं शहर गेर (रंगांची मिरवणूक) बघायला राजवाड्याकडे, आणि मी सर्व्हर रूममध्ये. बेस (पूर्ण) बॅकअप व्यवस्थित आला, वॉल चढू लागलं आणि मध्येच थांबलं. १६ एमबीची एक फाइल गायब! तिच्यापुढचे तीन दिवस मिळणं शक्य नव्हतं. वॉल साठवायची, आर्काइव्हची डिस्क भरली होती, आणि आमची स्क्रिप्ट कॉपी फसली तरी ‘झालं’ असंच कळवत होती. त्याच संध्याकाळी स्क्रिप्ट सुधारली आणि नवा पूर्ण बॅकअप लावला.