रात्री तीन वाजता केळीचा भाव बदलत नाही

प्रश्न : माझे वय 43. रावेर तालुक्यातील एका गावात राहते, पतसंस्थेत नोकरी करते. मेअखेरच्या वादळात आमची 4000 खोडांची निम्मी बाग ऐन कापणीच्या तोंडावर आडवी झाली. पंचनामा झाला, विम्याचे पैसे नाहीत. मुलगा बारावीत आहे, सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरायची आहे. रात्री तीनला जाग येते आणि मी मोबाईलवर केळीचे भाव पाहत बसते. परवा कळण्याची भाकरी जाड झाली, असे सासूबाई म्हणाल्या आणि मी त्यांच्यावर ओरडले. डोके रिकामे करण्याचा साधा उपाय सांगा. शिबिराला जायला ना वेळ, ना पैसा.

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे मूळ पत्र वर दिले आहे त्याहून पुष्कळ मोठे आहे. त्यातले एक वाक्य तर सतरा ओळींचे आहे. ते बागेपासून निघते, विम्यावरून मुलाच्या फीवर, फीवरून गुडघ्यावर जाते आणि पूर्णविराम न घेता पुन्हा बागेत येते. शेवटी ता. क. म्हणून तुम्ही लिहिले आहे, 'हे लिहून जरा हलके वाटले.' माझ्या मते उपाय तुम्हाला सापडला होता, पण तो तुम्ही ताज्या कलमात टाकून दिलात.

डोके म्हणजे काही कणगी नव्हे, उपडी केली की रिकामी व्हायला. अपुरे राहिलेले काम विसरले जाऊ नये म्हणून मन ते पुन्हा पुन्हा पुढे आणते. कागदावर त्याची नोंद झाली की ही राखण थोडी सैल होते. अमेरिकेतील बेलर विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही जणांना झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढच्या दिवसांत करायची कामे आणि इतरांना झालेली कामे लिहायला सांगितले होते. पुढची कामे लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली, आणि त्यांच्यातही ज्याची यादी अधिक तपशीलवार, त्याला अधिक लवकर. म्हणून 'विम्याचे बघणे' असे लिहू नका. 'सोमवारी दुपारच्या सुट्टीत पंचनाम्याची प्रत मागणे' असे लिहा. जे तुमच्या हातात नाही, त्यापुढे ज्याच्या हातात आहे त्याचे नाव लिहून ठेवा.

मोबाईल रात्री स्वयंपाकघरात ठेवा. तीन वाजता कोणताही व्यापारी भाव काढत नाही. जाग आलीच तर चार अंक मोजत श्वास घ्या आणि सात-आठ अंक मोजत सोडा. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात. यात चमत्कार काही नाही, पण पाच मिनिटे निभतात.

सकाळी ऊन चढण्यापूर्वी अर्धा तास चालायला जा, मात्र बागेकडे नको, कारण तिथे पाय चालतात आणि डोळे पडलेली खोडे मोजत राहतात. गावाबाहेर उत्तरेला तोंड करून चाला, म्हणजे समोर सातपुडा राहील आणि नजरेला लांबवर जायला जागा मिळेल.

दोन दिवसांनी तुमच्या पत्राची प्रत धाकट्या बहिणीने लिहिलेले पत्र म्हणून वाचा. मी तसे वाचले, तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. मुलाने त्रास दिल्याचे एकही वाक्य त्यात नाही. तुम्हाला चिंता फीची आहे, मुलाची नाही, आणि फीच्या हप्त्यांविषयी तुमच्याच पतसंस्थेत बोलता येईल. दुसरे असे की, निम्मी बाग आडवी झाल्याचे तुम्ही तीनदा लिहिले आहे, पण जी निम्मी उभी आहे तिचे घड केव्हा आणि कोणाला द्यायचे, याविषयी पत्रात अक्षर नाही. हे मी 'सकारात्मक विचार करा' अशा अर्थाने म्हणत नाही, त्या सल्ल्याची मला स्वतःलाच चीड येते. उभ्या बागेची कापणी हे याच आठवड्याचे काम आहे आणि पडलेल्या बागेच्या विचारात ते तुमच्या यादीतून सुटले आहे, एवढेच.

झोपमोड आणि चिडचिड दोन आठवड्यांपलीकडे अशीच राहिली, किंवा जगणे नकोसे वाटले, तर टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. मानसिक आरोग्यासाठीची ही सरकारी सेवा निःशुल्क आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. जगणे नकोसे वाटण्याची वेळ आलीच, तर मात्र दोन आठवडे थांबू नका, त्याच क्षणी फोन करा आणि घरात सांगा.

आता सासूबाईंविषयी. त्यांनी पन्नास वर्षे केळी पाहिली, असे तुम्हीच लिहिले आहे. संध्याकाळी त्यांच्या गुडघ्याला तेल लावताना माफी मागा आणि त्यांच्या उमेदीत बाग पडली होती तेव्हा त्यांनी घर कसे चालवले, हे विचारा. भाकरी खरोखरच जाड झाली होती का, ते मात्र तुम्ही लिहिलेले नाही.