बोअरवेलसाठी एफडी मोडू का?

ताई, तुमचं पत्र थोडक्यात असं: गुहागर तालुक्यात, खाडीपासून हाकेच्या अंतरावर आईवडील दोघंच राहतात. जांभ्यात खणलेली जुनी विहीर मे महिन्यात तळ दाखवते आणि गेल्या पावसाळ्यात आईंना दोनदा जुलाब झाले. जमिनीखालचं पाणी सांगणाऱ्या पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला, म्हणजे खाली पाणी आहे म्हणे. बोअरवाल्याने अडीचशे फुटांचे पंपासकट 1 लाख 80 हजार सांगितले, वर पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राचे 18 हजार. त्यासाठी 14 महिन्यांनी पिकणारी 3 लाखांची एफडी मोडायची का?

नका मोडू.

दुखणी दोन आहेत. पावसाळ्यात पाणी बिघडतं, उन्हाळ्यात आटतं. बोअर यातल्या एकाचाही खात्रीचा इलाज नाही. जांभा म्हणजे चाळण. कितीही पाऊस पडो, पाणी मुरतं आणि उताराने निघून जातं. खालच्या काळ्या पाषाणात फट लागली तर पाणी, नाही तर नुसती धूळ. आणि बोअरवाला फुटाचे पैसे घेतो, पाण्याचे नाही. खाडीलगत उपसा वाढला की खारं पाणी आत सरकतं, ते वेगळंच.

तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. कठडा जेमतेम वीतभर. रहाटाखाली सांडलेलं पाणी दगडांच्या फटींतून परत विहिरीतच जातंय. आणि वरच्या अंगाला संडासाचा शोषखड्डा! अंतर टेपने मोजा. 50 फुटांच्या आत भरलं, तर माझा पहिला संशय त्या खड्ड्यावर.

म्हणून पहिला खर्च तपासणीचा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत चौकशी करा. जंतूंच्या तपासणीचा नमुना निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून 24 तासांत पोचवायचा असतो. 100 मिलिलिटरमध्ये ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, एकही चालत नाही. क्लोराइड, म्हणजे मिठाचा अंश, मात्र एप्रिलमध्ये तपासा, खाडीचा हात तेव्हाच कळतो. मर्यादा लिटरला 250 मिलिग्रॅम. अहवाल येईपर्यंत पाणी खळखळ उकळूनच प्यायचं. आरओ असतो क्षार काढायला, आणि ते काढताना बरंच पाणी वाया घालवतो. जांभ्यातल्या पाण्यात ते बहुधा कमीच असतात, मग ऐन टंचाईत बादलीभर पाणी मोरीत कशाला सोडायचं?

टंचाईचा हिशेब तर अगदी साधा आहे. दोघांना पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला 20 लिटर धरा. 45 दिवसांचे झाले 900. हजार लिटरची झाकणाची टाकी मार्चमध्ये, विहिरीला पाणी असतानाच भरून ठेवायची. यातलं पाणीसुद्धा क्लोरीन टाकून, उकळूनच वापरा. धुण्याभांड्यांना विहिरीत हळूहळू साचेल ते.

आता पत्रात ओझरतं आलेलं, पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं: विहीर काकांच्या मुलांसोबत सामाईक आहे. कठडा बांधा नाही तर बोअर मारा, सातबाऱ्यावर त्यांचंही नाव असेल तर आधी लेखी संमती घ्या. पैसे तुमचे आणि भांडण आईवडिलांच्या दारात, असं व्हायला नको.

उंच कठडा, विहिरीभोवतीचा ओटा, गाळ उपसणं आणि टाकी यांच्या खर्चाचा अंदाज गावच्या गवंड्याकडून घ्या. शोषखड्डा हलवायचा तर त्याचाही. हातातल्या पैशांत भागलं नाही, तर एफडीवर कर्ज काढा. व्याज साधारण एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त, तेही उचललेल्या रकमेवरच. मुदतीआधी मोडलीत तर जितके दिवस ठेव राहिली तेवढ्याचाच दर मिळतो, वर बहुतेक बँका दंड कापतात.

शिमग्याला भाऊबंद गावी येतील, तेव्हाच संमतीच्या कागदावर सह्या घ्या आणि गाळ उपसणाऱ्यांनाही सांगून ठेवा. मे उजाडला की ती माणसं मिळत नाहीत.