कॉमिक्सचा चित्रकार म्हणून करिअर होतं का? आपल्याकडे यात कोणाचं नाव झालंय का?

तुमची मुलगी अकरावीत आहे, वह्यांच्या वह्या कॉमिक्सने भरते, आणि घरातले विचारतात की ‘यात आपल्याकडे नाव कोणाचं झालंय?’ करिअरचं पुढे बोलतो. मी लिहायला बसलो तो या दुसऱ्या प्रश्नामुळे.

नावं झालेली आहेत, घरातल्यांनी ती वाचली नाहीत एवढंच. अनंत पैंनी १९६७ साली अमर चित्र कथा सुरू केली. तिच्यातला घराघरांत पोचलेला ‘कृष्ण’ राम वाईरकरांनी काढला. मुलांच्या ‘टिंकल’ मासिकातला वेंधळा सुपंडी १९८३ पासून मुलांना हसवतोय, त्याला चेहरा दिला तोही वाईरकरांनीच. अमर चित्र कथेचा ‘शिवाजी’ प्रताप मुळीकांचा. पुण्यात बसून काम करणाऱ्या याच माणसाने १९८६ मध्ये दिल्लीच्या राज कॉमिक्ससाठी नागराज हा सुपरहिरो उभा केला. उत्तर भारतातली एक अख्खी पिढी त्यावर वाढली आणि पुण्यातल्या किती जणांना ते माहीत आहे? दिलीप कदमांनी अमर चित्र कथेची महाभारत मालिका रेखाटली. ४२ अंक, हजाराच्या वर पानं. पहिल्या अंकात एखाद्या योद्ध्याला दिलेलं नाक, मुकुट, बाजूबंद काही वर्षांनी आलेल्या शेवटच्या अंकातही तेच दिसायला हवं. नुसतं हे सांभाळायला काय लागतं ते करून बघितल्याशिवाय कळत नाही.

आपल्याला मुळगावकर माहीत, दलाल माहीत, कारण कॅलेंडरवर आणि दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर त्यांची सही असायची. कॉमिक्समध्ये चित्रकाराचं नाव आत कुठेतरी बारीक टायपात, तेही छापलं तर. मुलं गोष्ट वाचतात, ती ओळ वाचत नाहीत. मोठ्यांनी वाचायला हरकत नव्हती.

आता माझं. मी पुण्यात एका सरांकडे इंकिंग करायचो. ते पेन्सिलने पान उभं करायचे, मी निब आणि ब्रशने शाई चढवायचो. पुढे स्वतंत्र पुस्तकं मिळायला लागली. त्यातलं एक इतिहासावरचं होतं, ३२ पानांचं. त्यात एका पानासाठी स्क्रिप्टमध्ये एकच ओळ होती: ‘मावळे रात्री कडा चढतात.’ बाकी काही नाही. चंद्र आहे की अंधार? अंधार म्हणावा तर माणसं दिसायची कशी? दोर कुठून कुठे जातो? कडा खालून दाखवला तर उंची कळते पण चेहरे जातात, वरून दाखवला तर चेहरे मिळतात आणि भीती जाते. मी सिंहगडाच्या पायथ्याशी बसून कड्याचं चित्र काढून आणलं, अंधार पडेपर्यंत थांबलो, कारण संध्याकाळी दगडाच्या कुठल्या कडा आधी नाहीशा होतात ते बघायचं होतं. शेवटी पान तीन उभ्या चौकटींत तोडलं. पहिलीत नुसता कडा आणि खाली मुंगीएवढी माणसं, दुसरीत दोर धरलेला एक हात, तिसरीत वरून दिसणारा एकच चेहरा. संवादाचा फुगा एकही ठेवला नाही. संपादकांना तिथे संवाद हवा होता. मी भांडलो आणि पान तसंच छापलं गेलं. ते पान आजही मला पूर्ण पाठ आहे.

माझा थोरला भाऊ, दादा, बँकेत होता. त्याने पुस्तक चाळलं आणि म्हणाला, ‘गोष्ट तयार, मजकूर तयार, तू फक्त चित्रं घातलीस. ही कारकुनीच झाली.’ मी त्याला ती एक ओळ आणि ते पान शेजारी शेजारी ठेवून दाखवलं. त्याला फरक दिसला नाही. कॉमिक्समध्ये गोष्ट चित्रकारच सांगतो, लेखक ती सुचवतो. कुठे थांबायचं, काय लपवायचं, पान उलटल्यावर काय दिसायचं, हे सगळं पेन्सिल धरणाऱ्याच्या हातात असतं. हे माझं मत आहे आणि लेखक मित्रांशी यावरून झालेली भांडणं धरूनही ते बदललेलं नाही.

काही वर्षांनी त्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. नवं मुखपृष्ठ, नवी किंमत आणि आतून माझं नाव गायब. मी मुंबईला प्रकाशकांच्या ऑफिसात गेलो. पुढच्या आवृत्तीत नाव घाला आणि माझी मूळ पानं परत द्या, एवढंच मागणं होतं. तिथले गृहस्थ म्हणाले, ‘पानाचे पैसे घेतलेत ना? मग पानं कसली मागता?’ पानं गोदामात होती, नंतर कळलं की एका पावसाळ्यात बराच गठ्ठा भिजला आणि टाकून दिला. कड्याचं पानही त्यातच गेलं.

घरी आल्यावर दादाने त्यांचीच बाजू घेतली. ‘सुतार खुर्ची विकल्यावर परत मागतो का?’ हा प्रश्न त्याने नंतर प्रत्येक दिवाळीला विचारलाय, म्हणून इथे सविस्तर उत्तर देतो, तुमच्या मुलीच्याही उपयोगाचं आहे. सुतार एक खुर्ची विकतो आणि तिच्यावर एक माणूस बसतो. प्रकाशक एकदा पैसे देऊन तीच खुर्ची वर्षानुवर्षं छापून विकतो. शिवाय मूळ कागद आणि छापण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक दिला म्हणजे दुसरा दिला असं होत नाही. अमेरिकेतही हेच भांडण झालं. जॅक कर्बीसारख्या मोठ्या चित्रकाराने मार्व्हल या कॉमिक्स कंपनीसाठी हजारो पानं काढली आणि १९८७ मध्ये त्यातली जेमतेम दोनेक हजार त्याच्या हातात परत पडली. तो काय खुर्च्या परत मागत होता?

आणि कायदा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ म्हणतं की हक्क विकल्यानंतरही ‘हे काम माझं आहे’ असं सांगायचा हक्क निर्मात्याकडेच राहतो. कलम १९ प्रमाणे हक्क लेखीच द्यावे लागतात आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात. मात्र कलम १७ नीट वाचा. नोकरीत काढलेल्या आणि पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्रांची मालकी, उलट करार नसेल तर, पैसे देणाऱ्याकडे जाऊ शकते. म्हणून कितीही लहान काम असो, तिने तीन गोष्टी लिहून घ्यायच्या: नाव प्रत्येक आवृत्तीत, मूळ पानं परत, पुनर्मुद्रणाचे वेगळे पैसे. तोंडी ‘बघू नंतर’ म्हणणाऱ्याचं काम घेऊ नये. कोणी म्हणेल की नवख्या मुलीने अशा अटी घातल्या तर काम जाईल. जाऊ दे.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. फक्त कॉमिक्सवर घर चालवणं कठीण आहे, पूर्वीही होतं. पानामागे ठरलेला दर मिळायचा, त्यामुळे हात थांबला की पैसे थांबले. ज्यांना कायमची जागा मिळाली ते निवांत काम करू शकले. ‘चांदोबा’ मासिकाचे चित्रकार शंकर जवळजवळ साठ वर्षं एकाच ठिकाणी चित्रं काढत होते. वेताळाला खांद्यावर टाकून निघालेला विक्रम त्यांचाच. अशा जागा आता फारशा नाहीत. आज माझ्या ओळखीतली मुलं जाहिरातींचे आणि सिनेमांचे स्टोरीबोर्ड (म्हणजे शूटिंगआधी काढलेली दृश्यांची चित्रं), अ‍ॅनिमेशन, पाठ्यपुस्तकं यांवर पोट भरतात आणि स्वतःची कॉमिक्स सोबत करतात. टॅबलेटवर काम करणाऱ्यांचे दर मला सांगता येणार नाहीत, ते तरुणांना विचारा. बारावीनंतर बीएफए अप्लाइड, म्हणजे उपयोजित कलेची पदवी, करायला हरकत नाही, पण एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या ग्रेडवरून काही ठरवू नका.

मुलगी म्हणून घरच्यांना वेगळी काळजी असेल तर त्यांना एक सांगा: वाईरकरांच्या मागे सुपंडी काढतात त्या अर्चना आंबेरकर त्यांची मुलगीच आहेत.

आणि तिची पानं इथे टाका, मी बघतो. सुटी चित्रं आणि सुंदर चेहरे नकोत. सलग चार पानांची गोष्ट हवी. एकच माणूस समोरून, मागून, बसलेला, पळणारा असा त्यात दिसला पाहिजे, आणि निदान एक पान असं हवं ज्यात एकही फुगा नाही.