शेवटच्या डेस्कवरून

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. ऑर्केस्ट्रात निवड झाली एवढं वाचलं आणि शेजारी सांगून आलो, पुढचं मग वाचलं. सेकंड व्हायोलिन (म्हणजे व्हायोलिनचा दुसरा गट), शेवटचं डेस्क, त्यातही आतली खुर्ची. "सर, तिथून मी वाजवलेलं कुणाला ऐकू तरी जाईल का?" असं तू विचारलं आहेस. मी त्या खुर्चीवर अकरा वर्षं काढली आहेत, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी खुर्चीचंच सांगतो. एका स्टँडवर दोघं बसतात, त्यालाच डेस्क म्हणायचं. श्रोत्यांच्या बाजूचा वाजवत राहतो, आतला पान उलटतो. पान उलटताना तुझे दोन-चार स्वर जाणार, आणि ते जाऊ द्यायचे असतात. ओळ संपेपर्यंत थांबू नकोस. शेजारणीची नजर शेवटच्या दोन मापांवर आली की तुझा हात कोपऱ्यावर हवा. कुणाला किती आधी पान लागतं हे पहिल्या तालमीतच विचारून घे. माझ्या शेजारी बसणाऱ्या गृहस्थांना चष्म्यामुळे डावं पान नीट दिसत नसे, म्हणून मी स्टँड वीतभर त्यांच्याकडे सरकवून बसायचो. अकरा वर्षांत आम्ही यावर एक शब्द बोललो नाही. ते गेले तेव्हा त्यांची मुलगी म्हणाली, "बाबा तुमच्याविषयी फार बोलायचे."

दुसरं, मागे बसून कानावर विसंबू नकोस. पुढच्या डेस्कांचा आवाज तुझ्यापर्यंत किंचित उशिरा येतो, आणि तो ऐकून वाजवलंस तर श्रोत्यांना तू आणखी उशिरा ऐकू येतेस. लीडरच्या, म्हणजे सगळ्यांत पुढे बसणाऱ्या प्रमुख वादकाच्या, बोवर (गजावर) लक्ष ठेव, कंडक्टरच्या हाताकडे बघ आणि त्यांच्याबरोबर स्वर धर. आपण घाई करतोय असं वाटेल, पण समोर बसलेल्याला ते बरोबर लागतं. मोठ्या ऑर्केस्ट्रात पहिली व्हायोलिन सोळा, दुसरी चौदा, व्हायोला बारा, चेलो दहा आणि डबल बेस आठ, असे साठेक तंतुवादक असतात. त्यांचा आवाज एक झाला की नाही, हे मागच्या डेस्कांवर ठरतं. पुढची मंडळी चांगली असतातच, त्यासाठीच त्यांना पुढे बसवलेलं असतं. एखाद्या ऑर्केस्ट्राचा खरा कस बघायचा असेल तर मी आजही मागच्या खुर्च्यांकडे बघतो. तिथले बो मधल्या भागात घाबरत फिरतात की टोकापासून टोकापर्यंत जातात, तेवढ्यावरून कळतं.

पेन्सिल मऊ घे, टूबी. पार्ट (आपापल्या वाद्याच्या स्वरांची छापील पानं) बहुतेक वेळा प्रकाशकाकडून भाड्याने आलेले असतात, कार्यक्रम झाला की खुणा खोडून परत जातात. आमच्या संचात हे काम एक बाई करायच्या. दिवसा पोस्टात नोकरी आणि रात्री जेवणं झाली की लीडरने ठरवलेलं बोइंग, म्हणजे बो कुठे कसा फिरवायचा याच्या खुणा, सगळ्या पार्टांवर उतरवायचं. अप बो, डाउन बो, स्लर, प्रत्येक डेस्कसाठी पुन्हा तेच. कार्यक्रमानंतर वर्तमानपत्र पसरून त्या सगळं खोडायच्या, आणि रबराचा भुगा कागदात गुंडाळून ठेवायच्या म्हणजे सकाळी झाडायला सोपं. त्या स्वतः कुठलंच वाद्य वाजवत नसत. त्यांचं नाव कार्यक्रमपत्रिकेत कधी छापलं गेलं नाही, याची मला आजही खंत वाटते, कारण ते छापायला सांगायचं माझ्यासारख्यांना सुचलं नाही. तुझ्या ऑर्केस्ट्रात लायब्ररी कोण सांभाळतं ते पहिल्याच दिवशी विचार, आणि नावाने ओळख.

ऐकू जाण्याविषयी अजून एक. चेक संगीतकार द्वोर्झाकची नववी सिंफनी तू ऐकली आहेस. तिच्यात ट्यूबा या मोठ्या पितळी वाद्याला एकूण चौदा स्वर आहेत, सगळे दुसऱ्या भागात. शेवटच्या भागात झांजेचा आघात फक्त एक आहे, तोही फार जोराचा नाही. बेथोवनच्या पाचवीत ट्रॉम्बोनवाले तीन भाग गप्प बसतात आणि चौथ्यात पहिला स्वर लावतात, थंड ओठांनी. आम्ही द्वोर्झाक केला तेव्हा ट्यूबा वाजवायला बँडमधले एक निवृत्त हवालदार आले होते. त्या चौदा स्वरांसाठी ते कल्याणहून लोकलने प्रत्येक तालमीला यायचे. कंडक्टर म्हणाले, तुम्ही शेवटच्या दोन तालमींनाच या. ते म्हणाले, "बाकीचे काय करतात ते ऐकलं नाही तर माझा स्वर किती मोठा ठेवायचा हे मला कसं कळणार?" मी ऑर्केस्ट्राविषयी जे काही शिकलो त्यातलं अर्धं त्या एका वाक्यात आहे.

मागच्या रांगेचा तुला फारच संकोच वाटत असेल तर आपल्या झुबिन मेहतांचं ऐक. मुंबईत जन्मलेला हा मुलगा १९५४ मध्ये व्हिएन्नाला शिकायला गेला आणि तिथे डबल बेस वाजवायला लागला. मोठ्या कंडक्टरांच्या तालमी बघायला मिळाव्यात म्हणून तो आणि त्याचा सहाध्यायी क्लाउदिओ आबादो तिथल्या मुझिकफेराइन या संगीतसभागृहाच्या गायकवृंदात बास गाणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. पुढे दोघेही जगातले पहिल्या फळीचे कंडक्टर झाले, पण कंडक्टरचा हात त्यांनी आधी वादक-गायकांच्या बाजूने पाहिला होता.

पण झुबिनपेक्षा मला त्यांच्या वडिलांविषयी जास्त सांगावंसं वाटतं. मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. तेव्हाच्या मुंबईत पूर्ण ऑर्केस्ट्राला पुरतील एवढे वादक एका जागी नव्हते. गोव्याचे वादक होते, पारशी हौशी मंडळी होती, नौदलाच्या बँडमधले लोक होते आणि हिटलरमुळे युरोप सोडून आलेले ज्यू संगीतकार होते. त्यांतलेच वॉल्टर काउफमन आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख झाले. आकाशवाणीची सकाळची ती धून, जी ऐकत आपल्या घराघरांत चहा उकळला, ती त्यांचीच. म्हणजे ऑर्केस्ट्रा ही आपल्याकडची नाही, पाहुणी आहे, असं कुणी म्हणालं तर ती धून आठव.

गोव्याच्या वादकांविषयी तर किती लिहू. तिथल्या चर्चच्या शाळांतून पिढ्यान् पिढ्या मुलांना सोल्फेज (लिहिलेले स्वर वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकवलं गेलं. ती मुलं मुंबईला आली, धोबीतलावाच्या कुडांमध्ये (गोवेकरांच्या सामायिक निवासांत) एकेका ट्रंकेएवढ्या जागेत राहिली आणि हिंदी सिनेमाचा ऑर्केस्ट्रा त्यांनी उभा केला. माझे गुरू त्यांतलेच एक, सासष्टीचे. आपण ज्या गाण्यांवर जीव टाकतो त्यांतली व्हायोलिनची वळणं सेबास्टियन डिसूझांसारख्या अरेंजरांनी (वाद्यसंयोजकांनी) कागदावर लिहिली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू. त्यांनी १९५८ मध्ये मुंबईत इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला. रागांवर आधारलेलं संगीत, स्टुडिओतले कसलेले वादक आणि गायला लता मंगेशकर, मन्ना डे. तो टिकला नाही. त्यामागे वर्षानुवर्षं उभं राहील असं कुणी मिळालं नाही, आणि १९६५ मध्ये गोन्साल्विस अमेरिकेला निघून गेले. इतके वादक, एवढा गुणी माणूस, आणि समोर लतादीदी! तरीही. याचा विचार मी फार केला आहे. नुसतं चांगलं वाजवून ऑर्केस्ट्रा जगत नाही, हे तुला आत्ताच कळलेलं बरं.

तिकिटांवर तो कधीच जगलेला नाही. विल्यम बोमल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये हे नेमकं मांडलं: कारखान्यात एका तासात होणारं काम वाढत गेलं, पण बेथोवनचं चतुष्टक वाजवायला तेव्हाही चारच माणसं लागत आणि आजही चारच लागतात. बाकी जगाचे पगार वाढतात तसे त्या चौघांचेही वाढवावे लागतात. खर्च वाढतो, माणसं कमी करता येत नाहीत. मग फरक कोण भरतं? जर्मनीतल्या लाइपत्सिशमध्ये १७४३ साली सोळा जणांनी मिळून सोळा वादक पोसायचं ठरवलं, त्यांत व्यापारी बरेच होते. आधी खाणावळीत मैफिली, मग १७८१ पासून कापडव्यापाऱ्यांच्या इमारतीत. गेवांडहाउस या नावाचा अर्थच कापडाचं घर. पंढरपूरच्या वारीत एखादं गाव दरवर्षी त्याच दिंडीला जेवण घालतं, तसंच हे आहे. आपल्या मुंबईत जिनी दिनशॉ बाईंनी बाँबे चेंबर ऑर्केस्ट्रा कितीतरी दशकं असाच चालता ठेवला. मुलांना व्हायोलिन शिकवायचं आणि तयार झाली की ऑर्केस्ट्रात बसवायचं.

२००६ मध्ये मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मराट बिसेन्गालिएव्ह यांनी सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला, तेव्हा बरेच वादक परदेशातून येत, आणि "मग यात भारताचं काय?" असं पुष्कळांनी विचारलं. मीही विचारलं होतं. आज माझं मत बदललं आहे. २०१२ मध्ये त्यांनी मुलांसाठी अकादमी काढली, आणि बाहेरून आलेले वादक इथल्या सात-आठ वर्षांच्या मुलांच्या हातात बो कसा धरायचा ते रोज शिकवू लागले. त्या मुलांपैकी एकेक जण जेव्हा मागच्या डेस्कवर येऊन बसतो, तेव्हा ऑर्केस्ट्रा या शहराचा होत जातो. तुला मिळालेली खुर्ची मी तशी बघतो.

आता एक कटू गोष्ट. आमचा एक कार्यक्रम ठरला होता, तीन महिने तालमी झाल्या होत्या. आदल्या दिवशी आमच्या बसून (हे एक फुंकवाद्य) वाजवणाऱ्याला एका रेकॉर्डिंगचं बोलावणं आलं. त्याने बदली पाठवला, आणि त्या बदल्याने तो पार्ट स्टेजवर पहिल्यांदा पाहिला. काय झालं असेल ते तू समजून घे. मी त्या माणसावर वर्षभर रागावलो होतो. नंतर कळलं की त्याच्या घरी दोन महिन्यांचं भाडं थकलं होतं आणि आम्ही त्याला टॅक्सीचे पैसेही देत नव्हतो. लंडनमध्ये १९०४ साली याच बदलीच्या प्रश्नावर हेन्री वुड यांच्या ऑर्केस्ट्रातले चाळीसएक वादक बाहेर पडले आणि त्यांनी लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला, जो वादक स्वतः चालवतात. म्हणजे भांडण जुनं आहे. माझं तुला सांगणं एवढंच: शब्द दिलास की तालीम चुकवू नकोस, आणि पैसे मिळणार की नाही हे शब्द देण्याआधी विचार. विचारायला लाजू नकोस. नोकरी इतक्यात सोडू नकोस. शनिवार-रविवार दोन-तीन मुलं शिकवायला घे, त्यात पैसेही आहेत आणि उद्याचे वादकही.

आणि ऐकायला जा. स्वतःचा कार्यक्रम नसेल तेव्हा तिकीट काढून जा, फुकट पासाची वाट बघू नकोस. सोसायटीतल्या एका तरी माणसाला बरोबर ने. २०१५ मध्ये झाकीरभाईंनी तबला आणि ऑर्केस्ट्रासाठी रचलेला 'पेशकार' एनसीपीएत झाला. झाकीरभाईंसाठी आलेले लोक ऑर्केस्ट्राही ऐकून गेले, आणि त्यांतले काही परत आले असतील याची मला खात्री आहे. असे लोक दोन भागांच्या मध्ये टाळ्या वाजवतात. काही नेहमीचे श्रोते मग मान वळवून त्यांच्याकडे रोखून बघतात. तू मात्र त्या टाळ्या ऐकून मनातून खूश हो, कारण आज सभागृहात कुणीतरी पहिल्यांदा आलं आहे. कार्यक्रमानंतर मागच्या दाराने पळू नकोस. बाहेर उभी राहा, कुणी काही विचारलं तर सांग. देणगी देणारे फार थोडे असतात, पण दर हंगामाला येऊन बसणारी माणसं असतात, आणि त्यांना फक्त एवढंच हवं असतं की वाजवणाऱ्याने त्यांना ओळखावं.

पावसाळा येतोय, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेव आणि त्या दर पंधरवड्याला बदल. गेल्या वर्षीसारखा डिंक सुटला तर स्वतः चिकटवायला जाऊ नकोस, वाद्य माझ्याकडे आण.

पहिली तालीम शनिवारी आहे ना? शुक्रवारी संध्याकाळी ये. पार्टची झेरॉक्स आण, म्हणजे पानं कुठे उलटायची ते आपण बसून ठरवू. मी बाहेरच्या खुर्चीवर बसतो, तू आतल्या.

तुझे,
सर